चढावर सुपरचार्जरच्या पिकअपचा दम का जातो: इंटरकूलरचं तापमान कुठे मोजायचं, किती चालतं आणि काय दुरुस्त करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांकडे २०१९ची फोर्ड एफ-१५० आहे, ५.० लिटर व्ही-८. तिला बाजारात मिळणारं सुपरचार्जर किट (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारं यंत्र) बसवलंय, बूस्ट म्हणजे हवेचा जादा दाब साधारण ८ पीएसआय. मागे अडीच टनांचा कॅम्पर जोडून आय-१७ महामार्गाने फ्लॅगस्टाफला जाताना ब्लॅक कॅनियन सिटीच्या पुढचा चढ लागला की आयएटी-२, म्हणजे सुपरचार्जर आणि इंटरकूलर ओलांडून इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान, १८० फॅरनहाइटला, म्हणजे ८२ सेल्सिअसला पोचतं आणि गाडी ओढेनाशी होते. पिकअपचाच पिकअप जातो, असं त्यांनी लिहिलंय. विचारलंय दोनच गोष्टी: मोठा हीट एक्स्चेंजर (इंटरकूलरचं पाणी गार करणारा पुढचा छोटा रेडिएटर) घेऊ का, आणि गेज कोणता लावू?

हीट एक्स्चेंजर एवढ्यात घेऊ नका. ८२ हा आकडा वाईट आहे यात वाद नाही, पण तो ताप आहे, रोग नव्हे. तोच आकडा पंप मेल्याने येतो, इंटरकूलरच्या पाण्याच्या लूपने हवा धरल्याने येतो, जाळी किड्यांनी बुजल्याने येतो, सुपरचार्जरची बायपास झडप अडकल्याने येतो आणि चुकीच्या गियरमध्ये चढल्यानेही येतो. या पाचांपैकी एकाच बाबतीत मोठा हीट एक्स्चेंजर खरा उपाय ठरतो, तोही आधी असलेला नीट धुऊन बघितल्यावर. तुमची खरी अडचण अशी की तुमच्याकडे एकच आकडा आहे. चार हवेत.

आधी रचना सांगतो, कारण आपल्याकडच्या टर्बो डिझेल ट्रकवरून अंदाज बांधला तर घोळ होतो. तिकडे इंटरकूलर, म्हणजे दाबून तापलेली हवा गार करणारी जाळी, हवा-ते-हवा असतो: रेडिएटरच्या पुढे मोठी जाळी, टर्बोची गरम हवा तिच्यातून जाते, समोरचा वारा तिला गार करतो. तुमच्या गाडीत सुपरचार्जर इंजिनच्या दोन बँकांच्या मधल्या दरीत बसलाय आणि इंटरकूलर त्याच्याच मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाच्या) पोटात आहे. त्याला सगळे ब्रिक म्हणतात, दिसायलाही विटेसारखाच असतो. तिथे वारा पोचत नाही, म्हणून पाणी फिरवावं लागतं. ब्रिकमधून निघालेलं गरम पाणी पुढच्या ग्रिलमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये, म्हणजे हीट एक्स्चेंजरमध्ये जातं, गार होऊन टाकीत येतं, तिथून विजेचा पंप ते परत ब्रिककडे ढकलतो. इंजिनच्या कूलंटशी या लूपचा संबंध नाही. डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा मध्यावर शांत असतो आणि हा लूप आतल्या आत उकळत असतो. त्याचा तुम्हाला पत्ताच लागत नाही.

आता थोडं गणित, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बाहेर ३८ अंश, बूस्ट ८ पीएसआय आणि सुपरचार्जरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर त्याच्या रोटरमधून (हवा दाबणाऱ्या फिरत्या भागांमधून) बाहेर पडणारी हवा साधारण १०० अंशांची असते. फुल थ्रॉटलला सुमारे ६०० हॉर्सपॉवर निघत असताना इंजिन सेकंदाला ०.४५ किलोच्या आसपास हवा ओढतं. ती ४० अंशांनी गार करायची तर ब्रिकला १८ किलोवॅटच्या घरात उष्णता उचलावी लागते. ऐकायला प्रचंड वाटतं, पण ते दहा सेकंद चालतं. एकूण १८० किलोज्यूल. लूपमध्ये आठ लिटर कूलंट असेल तर तेवढ्याने ते सहा-सात अंश तापतं, नंतर सावकाश निवतं.

चढाचं गणित वेगळं. गाडी आणि कॅम्पर मिळून पाच टन, सहा टक्के चढ, ताशी १०० किलोमीटर. इंजिनला अंदाजे १५० किलोवॅट म्हणजे २०० हॉर्सपॉवर द्यावी लागते, न थांबता. हवा सेकंदाला ०.१५ किलोच लागते, ब्रिकवरचा भार पाचच किलोवॅट. पण तो दहा मिनिटं चालतो: ३,००० किलोज्यूल. हीट एक्स्चेंजरने काहीच बाहेर टाकलं नाही असं घटकाभर धरलं तर आठ लिटर पाणी १०० अंशांनी तापेल. म्हणून ड्रॅग स्ट्रिपवाल्यांचे (काही सेकंदांच्या सरळ शर्यती लावणाऱ्यांचे) सल्ले इथे लागू पडत नाहीत. त्यांना मोठी टाकी आणि बर्फ उपयोगी पडतो, कारण त्यांना उष्णता थोडा वेळ साठवायची असते. तुम्हाला ती सतत बाहेर फेकायची आहे. टाकीत दोन पिशव्या बर्फ टाकून निघालात तर चढ सुरू व्हायच्या आत त्याचं सरबत झालेलं असेल.

किती तापमान चालतं, हे मात्र परिस्थितीवर आहे. २०१८पासूनच्या एफ-१५०च्या ५.० इंजिनाचं कॉम्प्रेशन १२ला १ आहे, त्याआधीच्याचं १०.५ला १. म्हणजे तुमचं इंजिन नॉकिंगला (इंधन अवेळी भडकून बसणाऱ्या ठोक्यांना) जास्त हळवं. त्यात ॲरिझोनाच्या पंपावर प्रीमियम पेट्रोल म्हणजे ९१ ऑक्टेन, टेक्सासकडे ९३ मिळतं. (भारतातल्या ९१ किंवा ९५शी याची तुलना करू नका. ऑक्टेन मोजायच्या रॉन आणि मॉन अशा दोन पद्धती आहेत. तिथले आकडे रॉनमध्ये असतात, अमेरिकेतले दोन्हींच्या सरासरीचे. इथलं ९१ म्हणजे तिथलं जवळजवळ ९५-९६.) ट्यून (इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम) लिहिणाऱ्याने टायमिंग, म्हणजे ठिणगी टाकायची वेळ, कुठल्या तापमानाला मागे घ्यायला सांगितलंय, हे तुमच्या किटच्या कॅलिब्रेशनवर अवलंबून. बऱ्याच ट्यूनमध्ये ५०-६० अंशांपासून सुरुवात होते. ८२ला कॉम्प्युटरने टायमिंग चांगलंच मागे ओढलेलं असतं आणि हवाही विरळ झालेली असते: ५० अंशांच्या हवेपेक्षा ८० अंशांच्या हवेत साधारण साडेआठ टक्के वस्तुमान कमी. गाडी ओढत नाही ती या दोन्हीमुळे. इंजिन स्वतःला वाचवतंय. त्याला ट्यूनमधून गप्प बसवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

उंचीचंही एक आहे. फिनिक्स समुद्रसपाटीपासून सव्वातीनशे मीटरवर, फ्लॅगस्टाफ २,१०० मीटरवर. वर गेलं की बूस्ट गेजवर कमी दिसतं म्हणून लोकांना वाटतं ताण कमी झाला. तसं नसतं. रूट्स किंवा स्क्रू जातीच्या सुपरचार्जरमध्ये दाब किती पट वाढला ते प्रमाण जवळपास तेच राहतं आणि हवा तापते ती त्या पटीमुळे. वर समोरचा वाराही विरळ, म्हणजे हीट एक्स्चेंजरला गार करायला माल कमी. बाहेर ३८चं २८ झाल्याने जो दिलासा मिळतो, त्यातला काही भाग असा परत जातो.

तर मोजायचं काय? बाहेरची हवा, ब्रिकमध्ये जाणारं पाणी, ब्रिकमधून येणारं पाणी आणि आयएटी-२. पहिला आणि शेवटचा आकडा गाडीच्याच सेन्सरवरून मिळतो. मात्र नीट बघा: साध्या ओबीडी ॲपमध्ये (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणाऱ्या) 'इनटेक एअर टेंपरेचर' म्हणून जे दिसतं ते बहुतेक वेळा आयएटी-१ असतं, म्हणजे एअर फिल्टरजवळचं, सुपरचार्जरच्या आधीचं. ते बघून 'माझं तर ४५च आहे' म्हणणारे पुष्कळ असतात. आयएटी-२साठी फोर्डचे खास पीआयडी (सेन्सरच्या आकड्यांचे कोड) वाचणारं फोरस्कॅनसारखं ॲप किंवा ट्यूनसोबत आलेलं हँडहेल्ड लागतं.

पाण्याचे दोन सेन्सर बाहेरून बसवावे लागतात. होज कापून मध्ये ॲल्युमिनियमचा टी-जोड घालायचा, त्याला एक अष्टमांश एनपीटीचा (अमेरिकी पाइपमापाचा) आटा असतो, त्यात थर्मिस्टर, म्हणजे तापमानाचा सेन्सर. लूपचा होज बहुतेक किटमध्ये पाऊण इंची असतो, पण जोड मागवण्याआधी कॅलिपर लावून मोजा. एक टी पंपानंतर ब्रिकच्या तोंडाशी, दुसरा ब्रिकमधून बाहेर पडल्यावर हीट एक्स्चेंजरच्या आधी. सेन्सरचं टोक धारेत मधोमध आलं पाहिजे. आट्यात खोल दडून बसलं तर ते धातूचं तापमान सांगतं, पाण्याचं नाही. आट्यावर टेफ्लॉन टेप थापू नका, एका तारेचा सेन्सर असेल तर त्याची अर्थ टेपमुळे तुटते. दोन इनपुटचा एक डिजिटल गेज पुरतो. ब्रँडपेक्षा त्याला अलार्म आहे का, हे बघा. चढावर नजर रस्त्यावर असते.

सेन्सर खरं बोलतायत का, हे तपासायला पैसे लागत नाहीत. गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवा, सकाळी इंजिन चालू न करता फक्त की ऑन करा. आयएटी-१, आयएटी-२, इंजिन कूलंट आणि पाण्याचे दोन्ही सेन्सर एकमेकांच्या दोन-तीन अंशांच्या आत असले पाहिजेत. एखादा सेन्सर बराच कमी दाखवत असेल तर कनेक्टर बघा. हे सेन्सर एनटीसी जातीचे असतात, प्रतिकार वाढला की तापमान कमी दाखवतात. गंजलेली पिन आयएटी-२ला खोटं थंड दाखवते, कॉम्प्युटर निर्धास्तपणे टायमिंग पुढे ठेवतो आणि इंजिन नॉक करतं. जास्त दाखवणाऱ्या सेन्सरपेक्षा कमी दाखवणारा घातक तो असा.

आता लॉग घ्या. चारही तापमानं, सोबत मॅनिफोल्ड प्रेशर, इग्निशन टायमिंग, आरपीएम आणि वेग. सेकंदाला एक नोंद पुरे. आधी दहा मिनिटं सपाटीवर, मग त्याच चढावर, त्याच कॅम्परसह. एकटा आकडा वाचायचा नाही, आकड्यांमधली अंतरं वाचायची. बाहेर ३८ धरून चार नमुने देतो, सगळे चढावरचे.

ब्रिकमध्ये जाणारं पाणी ४८, येणारं ५२, आयएटी-२ ५८: लूप ठणठणीत आहे. याहून चांगलं हवं असेल तर खर्च करा, पण बिघाड शोधत बसू नका.

जाणारं ६८, येणारं ७१, आयएटी-२ ७६: पाणी जोरात फिरतंय, कारण जाण्या-येण्यात फक्त तीन अंशांचा फरक आहे. पण ते पुढे गार होत नाही. दोष हीट एक्स्चेंजरकडे किंवा त्याच्या वाऱ्याकडे.

जाणारं ४३, येणारं ६३, आयएटी-२ ७०: हीट एक्स्चेंजर उत्तम काम करतोय, पाणी फिरत नाहीये. पंप, वायरिंग, मुरडलेला होज किंवा हवा. या नमुन्यात मोठा हीट एक्स्चेंजर घेतलात तर जाणारं पाणी ४३चं ४१ होईल, बाकी सगळं तिथंच.

जाणारं ४८, येणारं जेमतेम ५०, आयएटी-२ ७८: हवा गरम आहे, पाणी गार आहे, पण एकमेकांना भेटत नाहीत. ब्रिकच्या वरच्या भागात हवा अडकलीय, किंवा ब्रिकच्या कडेचं सील सुटून गरम हवा बाजूने निसटतेय, किंवा आयएटी-२चा सेन्सर मॅनिफोल्डच्या धातूची उष्णता पितोय.

फुल थ्रॉटलला जाण्या-येण्यातला फरक १५ अंशांपर्यंत जातो आणि तो रास्त असतो. म्हणून चढाची तुलना चढाशीच करा.

लोकांच्या डोक्यात घट्ट बसलेली एक समजूत इथेच काढून टाकू. 'पाणी सावकाश फिरवलं की रेडिएटरमध्ये जास्त वेळ थांबतं आणि जास्त गार होतं.' वरचा तिसरा नमुना पुन्हा बघा. पाणी खरोखरच जास्त गार झालंय, ४३. पण तेच पाणी ब्रिकमध्येही जास्त वेळ थांबतं आणि तिथे शिरल्या शिरल्या तापून पुढच्या भागाला निकामी करतं. मिनिटाला २० लिटर पाणी पाच किलोवॅट उचलताना जेमतेम चार अंश तापतं, पाच लिटर असेल तर सतरा. ब्रिकचा शेवटचा भाग गार ठेवायचा तर प्रवाह हवा.

प्रवाह मोजायला बादली आणि घड्याळ पुरतं. इंजिन पूर्ण थंड असताना टाकीचं झाकण काढा, टाकीत परतणारा होज सोडून मोजपट्टी असलेल्या भांड्यात धरा, दुसऱ्या कुणाला पंप चालू करायला सांगा आणि दहा सेकंद मोजा. टाकी रिकामी होऊन पंपाने हवा ओढू नये म्हणून वरून कूलंट ओतत राहायचं. दहा सेकंदांत अडीच लिटर म्हणजे मिनिटाला १५, ठीक आहे. दीड लिटरच्या खाली आलं तर मी हीट एक्स्चेंजरचा विषयच काढत नाही. काही गाड्यांत पंप की ऑनला चालतो, काहींत कॉम्प्युटर सांगेल तेव्हाच. तुमच्या किटचं वायरिंग आधी बघून घ्या, नाहीतर चांगला पंप मेला समजून बदलाल.

पंपाच्या कनेक्टरवर, पंप चालू असताना, व्होल्टेज मोजा आणि त्याच क्षणी बॅटरीवर मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वायर बारीक आहे, रिले जळालाय किंवा अर्थ गंजलीय. अर्थ बहुतेक वेळा पुढच्या फ्रेमवर रंगावरच आवळलेली सापडते. क्लॅम्प मीटर असेल तर करंटही बघा: नेहमीपेक्षा कमी करंट म्हणजे पंप हवेत फिरतोय, जास्त म्हणजे अडकलाय. ब्रशवाले पंप झिजतात, सतत टोइंग करणाऱ्याने ते खपाऊ समजावेत. आणि होजला हात लावून 'थरथरतंय म्हणजे पंप चालतोय' म्हणू नका. पंपाच्या आतलं पातं शाफ्टवर सुटलं तरी मोटर थरथरतेच.

हवा काढणं हा या लूपमधला सगळ्यात कमी लेखला जाणारा भाग. ब्रिक लूपमधल्या सर्वात उंच जागांपैकी एक, टाकी बऱ्याचदा त्याच्याच बरोबरीला, त्यामुळे हवा वरच अडते. नुसतं ओतून, झाकण लावून निघालेली गाडी हमखास हवा धरते. व्हॅक्यूम फिलर हे खरं हत्यार: लूपमधून हवा ओढून निर्वात करायचा, काटा पाच मिनिटं हलत नाही ना हे बघायचं (हलला तर गळती आहे, आधी ती शोधा), मग कूलंटचा नळ उघडायचा. पाणी स्वतःच कानाकोपऱ्यात शिरतं. ते नसेल तर गाडीचं नाक रॅम्पवर चढवून टाकी उंचावर आणा, झाकण उघडं ठेवून पंप दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद असं पंधरा-वीस वेळा करा आणि मधे होज हाताने दाबा. बुडबुडे थांबले की दुसऱ्या दिवशी थंड गाडीत पातळी पुन्हा बघायची. उतरतेच.

दुसरा नमुना निघाला तर पुढे या. एफ-१५०च्या ग्रिलमागे ॲक्टिव्ह शटर असतात, वारा कमी लागत असेल तेव्हा मिटणाऱ्या पट्ट्या. किट बसवताना त्या काढल्या, सरकवल्या की तशाच ठेवल्या, बघा. एखादी मोटर मेली आणि पट्ट्या मिटलेल्या राहिल्या तर पुढचं सगळं व्यर्थ. मग टॉर्च लावून जाळी बघा. पावसाळी वादळातली धूळ, चिखल आणि हायवेवरचे किडे यांचा लेप फिन्समध्ये, म्हणजे जाळीच्या पातळ पत्र्यांमध्ये, बसतो, पुढून दिसतही नाही. मागून पुढच्या दिशेने साध्या नळाच्या धारेने धुवा, प्रेशर वॉशर जवळ नेला तर फिन्स झोपतात. झोपलेल्या फिन्स कंगव्याने उभ्या करता येतात. हीट एक्स्चेंजर आणि आजूबाजूचं प्लास्टिक यांत बोटभर फट असेल तर फोमच्या पट्टीने बुजवा. वारा आळशी असतो, जाळीतून जाण्यापेक्षा फटीतून जातो. या फोमने पडणारा फरक त्याच्या किमतीच्या मानाने लाजवणारा असतो.

मग एसीचा कंडेन्सर. हीट एक्स्चेंजर त्याच्या मागे असेल तर त्याला गरम वारा मिळतो, पुढे असेल तर मुख्य रेडिएटरला. चढावर दोन मिनिटं एसी बंद करून जाणाऱ्या पाण्याचा आकडा बघा. पाच-सहा अंश उतरला तर जागेचीच अडचण आहे. पश्चिम अमेरिकेतल्या लांब चढांवर एसी बंद करायच्या पाट्या लावतात त्या उगाच नाहीत. एवढं सगळं करूनही जाणारं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा २५ अंशांहून जास्त वर राहत असेल तर मोठा हीट एक्स्चेंजर घ्या. घेताना जाडीपेक्षा समोरचं क्षेत्रफळ महत्त्वाचं. फार जाड जाळी वारा अडवते आणि मागच्या रेडिएटरला उपाशी ठेवते. स्वतःचे पंखे असलेला हीट एक्स्चेंजर गर्दीत कामाचा. ताशी १०० किलोमीटरला तेच पंखे अडथळा होऊ शकतात.

सपाट रस्त्यावर, बूस्ट शून्य असतानाही आयएटी-२ बाहेरच्यापेक्षा ३० अंश वर राहत असेल तर लूप सोडा, बायपास बघा. हलक्या थ्रॉटलला सुपरचार्जरची हवा बायपास झडपेतून परत मागे वळली पाहिजे, म्हणजे रोटर हवा दाबत नाहीत. झडप पूर्ण उघडत नसेल तर तीच हवा पुन्हा पुन्हा घुसळली जाते आणि दिवसभर तापत राहते. व्हॅक्यूमवर चालणारा ॲक्च्युएटर असेल तर आयडलला त्याचा दांडा ओढला गेलेला दिसायला हवा. थ्रॉटल झटकन दिला की सुटायला हवा. तीन इंचांचा तडकलेला व्हॅक्यूम होज हे कारण असू शकतं.

आता चालवण्याबद्दल, कारण तुमच्या लक्षणांवरून मला यावरच अर्धा संशय आहे. चढावर १५० किलोवॅट हवेत. २,००० आरपीएमवर ते द्यायचे तर इंजिनला ७१५ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. सुपरचार्जरशिवाय हे इंजिन जास्तीत जास्त ५४२ देतं, म्हणजे सहा-आठ पीएसआय बूस्टशिवाय हे जमणार नाही. ४,००० आरपीएमवर तेच काम ३६० न्यूटन-मीटरमध्ये होतं, बूस्ट जवळपास शून्य. दहा गियरचा बॉक्स, भरपूर टॉर्क दिसला की, वरचा गियर धरून बसतो आणि सुपरचार्जरला घाम फोडतो. टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गियरबॉक्सची सेटिंग) लावा आणि तरीही बूस्ट चारच्या वर टिकत असेल तर हाताने गियर खाली घ्या. इंजिनचा आवाज वाढला म्हणून घाबरायचं कारण नाही. ओरडणारं इंजिन गार असतं, कण्हणारं तापतं. पेट्रोल थोडं जास्त जाईल. शिवाय आरपीएमबरोबर इंजिनचा वॉटर पंपही जोरात फिरतो. पुढच्या वेळी फक्त एवढाच बदल करून तोच लॉग घ्या. ८२चं ६५ झालं तर पंप आणि हीट एक्स्चेंजर दोघेही निर्दोष सुटले.

पेट्रोल भरायला थांबून परत निघाल्यावर आयएटी-२ ८५-९० दिसणं हा बिघाड नाही. इंजिनच्या दरीतली उष्णता बंद गाडीत वर चढून मॅनिफोल्डला शेकते. दोन-तीन मिनिटं हलक्या पायाने चालवलं की आकडा खाली येतो. पाच मिनिटांनीही येत नसेल तर वरच्या यादीकडे वळा. पंप की बंद केल्यावर पाच मिनिटं चालू ठेवणारा टायमर रिले लावता येतो, पण चढाच्या दुखण्यावर त्याचा उपयोग नाही.

कूलंट: शुद्ध पाणी उष्णता जास्त चांगली उचलते, म्हणून नुसतं डिस्टिल्ड वॉटर वापरा असा सल्ला मिळेल. फिनिक्स सोडत नसाल तरी गंज रोखणारं द्रव्य हवंच, आणि तुम्ही तर फ्लॅगस्टाफला जाता, तिथे हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते. गोठलेलं पाणी ब्रिक फोडतं. ४० टक्के ग्लायकॉल उणे २४ पर्यंत सांभाळतं, तुमच्यासाठी तेवढं योग्य. ७० टक्के घालून काही मिळत नाही, उलट उष्णता वाहून न्यायची क्षमता घटते आणि पंपाला घट्ट द्रव ढकलावा लागतो. वेगळ्या जातीचे दोन कूलंट एकत्र करू नका.

एसीच्या गॅसने लूप गार करायचे चिलर मिळतात. २०१८च्या डॉज डेमनमध्ये कंपनीनेच तशी सोय दिली होती, पण ती गाडी पाव मैलाची. चढावर तेच एसी केबिनही गार करत असतं आणि कंडेन्सर आणखी तापतो. पाणी-मेथेनॉलचा फवारा नॉकिंग रोखतो, मात्र त्यावर बेतलेली ट्यून असताना टाकी अर्ध्या चढावर संपली तर? टोइंगसाठी मी दोन्ही सुचवत नाही.

अलार्म इथे लावा: ब्रिकमध्ये जाणाऱ्या पाण्याला ६० अंश (१४० फॅरनहाइट), आयएटी-२ला ७१ (१६०). पहिला वाजला की एसी बंद आणि गियर खाली. दुसरा वाजून दोन मिनिटांत आकडा उतरला नाही तर उजव्या लेनमध्ये या आणि ताशी ७०वर चढा. वेग कमी केला की चढायला लागणारी ताकद आणि वाऱ्याचा रोध दोन्ही घटतात, ताण बराच खाली येतो. सपाटीवर, कॅम्पर नसताना आयएटी-२ बाहेरच्यापेक्षा १०-२० अंश वर, चढावर कॅम्परसह २०-३० वर, हा मी निरोगी मानतो तो पट्टा. ४०च्या पुढे काही मिनिटं टिकला तर जोर लावू नका.

आणि एक गोष्ट लॉगमध्ये दिसणार नाही. लूपची टाकी दर दोन आठवड्यांनी थंड गाडीत बघा, पातळीला मार्करने खूण करा. बाहेर कुठेही ओल नाही आणि तरी पातळी उतरत असेल तर ब्रिक आतून गळत असण्याची शक्यता धरा. ते कूलंट थेट इनटेकमध्ये जातं. रात्रभर साचून सिलिंडरमध्ये उतरलं आणि सकाळी स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी शंका आली तर गाडी चालू न करता लूप सोडवून त्याला हाताच्या पंपाने एक बार दाब द्या आणि पंधरा मिनिटं काटा बघा.

पुढच्या फेरीत चढाच्या मध्यावरचे आकडे लिहून कळवा: बाहेरचं तापमान, पाणी जाताना, पाणी येताना, आयएटी-२, आणि त्या क्षणीचा गियर, आरपीएम, बूस्ट. होजमध्ये टी घालायला वेळ लागणार असेल तर तोवर बादलीची दहा सेकंदांची चाचणी आणि ४,००० आरपीएमची चढाई, एवढं तरी करून बघा.